बैल मेला, भत्ता बाकी

अठरा वर्षांपूर्वी धुऱ्याच्या भांडणातून कोणीतरी कपाशीवर फवारायचं औषध ढेपेत कालवलं. बैल मेला. मी तेव्हा सरकारी ढोराचा डॉक्टर, पोस्टमार्टम माझंच. आरोपी पसार झाला तो यंदा सापडला. तोवर मी छहात्तर वर्षांचा.

कोर्टात बघावं तो सरकारी खर्चानं आलेला. न्यायाधीश, सरकारी वकील, शिपाई. आरोपी कोठडीत, म्हणून १९८७च्या विधी सेवा कायद्यानं त्याला वकीलही फुकट. उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. ते रास्तच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खिशात हात घालून आलेला मी एकटाच.

साक्ष अर्ध्या तासात आटोपली. साक्षीदाराच्या भत्त्याला अख्खी दुपार गेली.

कोर्टाचे पैसे सांभाळणारा नाझर म्हणाला, "तिकीट दाखवा." दाखवलं. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत. तिकिटावर रक्कम शून्य.

"आता शून्य रुपये कसे देऊ जी तुमाले?"

"गावापासून फाट्यापर्यंत काळीपिवळी आहे ना. तीस जायचे, तीस यायचे."

"पावती?"

काळीपिवळीत मला बसायला जागा मिळाली नव्हती, पावती कुठून मिळणार?

मग हळूच फीचं काढलं. तज्ज्ञ साक्षीदार म्हणून काही? "ते दिवानीत, सायेब. आदेश सोळा, नियम दोन. तुमचा बैल फौजदारीत मेला." इथं फक्त खर्च, तोही 'वाजवी'.

फॉर्मवर मी ऐटीत फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेचं कलम ३५० लिहिलं. त्यानं लाल पेनानं खोडलं. खटला जुना, जुन्या संहितेचं कलम ३१२ लिहा. लिहिलं, तर खाडाखोडीचा फॉर्म चालत नाही म्हणे. नवा झेरॉक्सवाल्याकडून आणला. दोन रुपये. वर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. ते पाच हजारांवरच्या पावतीलाच लागतं, हे मी नोकरीत असताना शंभरदा वाचलेलं.

"लागत नाही, पन लावा. ऑडिटवाले इचारतात."

लावलं. जीभ चिकट झाली, आणि साहेब उठून गेलेले, म्हणून सही उद्या.

बाहेर पोलीस गाडीपाशी आरोपी बिस्किटं खात उभा होता. मला बघून कळवळला.

"काय झालं डॉक्टरसायेब, भाडं नाही भेटलं? माह्या वकिलाले सांगून पाहू काय?"