बेडूक कोणाच्या हद्दीत?

सकाळी साडेसहाला कमोडच्या काठाखालून कोणीतरी आपल्याकडे बघतंय हे कळणं वाईटच. त्याहून वाईट म्हणजे ते सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना सांगायला जाणं. बेडूक केव्हाच निघाला, काका काही डोक्यातून निघत नाहीत.

कोकणात पावसाळ्यात संडासात येतो तो बहुधा झाडबेडूक. अंगाने सडपातळ, रंगाने तपकिरी-पिवळसर, मांड्यांवर पिवळे ठिपके. बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात, त्यांच्या जोरावर तो ओल्या चिनी मातीवरही उभा चिकटून राहतो. घरचे सगळे आधी फ्लशकडेच धाव घेतात. कमोडचा काठ आतून पोकळ असतो, पाणी त्याच्या खालच्या भोकांतून भांड्याच्या भिंतीवरून उतरतं आणि बेडूक बसतो त्या भोकांमधल्या वळचणीला. जुन्या टाकीतलं १० लिटर पाणी त्याच्या अंगावरून जातं. तो ओलाव्यासाठीच आलेला असतो; तुम्ही त्याला आंघोळ घालता, तीही टँकरच्या गावात.

माझी तक्रार एका ओळीची होती. संडासाच्या लाइनची हवा सोडणाऱ्या गच्चीवरच्या व्हेंट पाइपला टोपी नाही, ती बसवा.

"साहेब आहेत का घरी?" काका म्हणाले.

"आहेत. पण पाइपचं मला माहीत आहे."

"हो हो. पण जरा टेक्निकल विषय आहे ना, वहिनी."

पी-ट्रॅप म्हणजे कमोडमागचा पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप; साहेबांना तो पत्त्यांचा डाव वाटतो. त्यांनी आतूनच "तूच बघ गं" म्हणून सांगितलं. काकांनी नाइलाजाने वही उघडली.

"बेडूक पाण्याच्या वर होता की खाली?"

"वर. काठाखाली."

काकांनी तसं लिहिलं आणि अधोरेखित केलं. "मग तो तुमचा. उपविधी काय सांगतात? उभी मेन लाइन, चेंबर, सेप्टिक टँक सोसायटीची. फ्लॅटच्या आतलं सगळं सभासदाचं. ट्रॅपच्या पलीकडे असता तर कमिटीने बघितलं असतं."

"अहो, आला तुमच्याच पाइपातून!"

"पुरावा? खिडकीतून आला नसेल कशावरून?"

"खिडकीला जाळी आहे."

"मग तळमजल्यावरचे भाडेकरू. त्यांचं पोलीस व्हेरिफिकेशनही राहिलंय." काकांनी बाजूला एक खूण केली. "की वरच्या मजल्यावरून आला? त्यांचा मेंटेनन्स थकलाय. तुम्ही लेखी दिलंत की बेडूक वरून आला, तर मी आजच नोटीस काढतो."

मी म्हटलं, बेडकाने तसं काही सांगितलं नाही. यावर काका हसले नाहीत. त्यांनी फोटो मागितला. मोबाइल नाकाशी धरून, दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि निकाल दिला : "भांड्याला पिवळे डाग पडलेत, वहिनी. ॲसिड मारत जा."

ॲसिड अजिबात मारू नये. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, त्याचे हाल हाल होतात. भांड्यात आधी ब्लीचिंग पावडर पडलेली असेल तर ॲसिडशी मिळून क्लोरीन वायू सुटतो आणि मग माणसाचे हाल होतात. उकळतं पाणीही नको. चिनी माती तडकते, पीव्हीसी मऊ पडतं. हाताला प्लास्टिकची पिशवी घालायची, पिशवी बाहेरून ओली करायची आणि मागच्या बाजूने मूठ अलगद मिटायची. समोरून हात नेलात तर तो उडी मारतो, आणि ती कुठे पडेल हे त्यालाही माहीत नसतं. मुठीत तो मुततो. ते निरुपद्रवी असतं, दचकून सोडू नका. घरापासून लांबच्या झाडीत नेऊन सोडायचा, आणि पकडला नसता तरी हात साबणाने धुवायचेच.

आता तो आला कसा. आमच्याकडे मैलावाहिनी नाही, सगळा कारभार सेप्टिक टँकवर. टँकमधला वायू बाहेर जावा आणि फ्लशच्या ओढीने ट्रॅपमधलं पाणी शोषलं जाऊ नये, म्हणून ११० मिलिमीटरचा व्हेंट पाइप गच्चीच्या वर काढलेला असतो. वर उघडं तोंड, आत दमट काळोख, भिंतींवर झुरळं आणि डास. बेडकाला दुसरं काय लागतं? मनसोक्त जेवून तो खाली उतरतो. वाटेत ट्रॅपमध्ये अडवायला असतं ते फक्त ५० मिलिमीटर पाणी. हे पाणी वास अडवण्यासाठी आहे, पोहणारा गडी अडवण्यासाठी नाही. उंदीरही श्वास रोखून याच वाटेने वर येतो.

आधीच्या कमिटीने यावर उपाय केला होता. पाइपच्या तोंडात गोणपाट कोंबलं! मग वरच्या मजल्यावर कोणी फ्लश ओढला की खालच्या बाथरूममध्ये गुडगुड व्हायची, हवेला वाट नसल्याने खालच्या ट्रॅपचं पाणी ओढलं जायचं आणि घरभर वास सुटायचा. त्या वासावर उदबत्त्यांचा खर्च झाला, तो सभेत मंजूरही झाला. व्हेंट बुजवायचा नसतो हो, त्याला जाळी लावायची असते. पीव्हीसीची टोपी हार्डवेअरच्या दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळते. तिच्या फटी पिल्लू बेडकाला पुरतील एवढ्या रुंद असतात, म्हणून टोपीखाली मच्छरदाणीची नायलॉन जाळी ताणायची. सेप्टिक टँकमधले डासही अडतात. साधी लोखंडी तार खाऱ्या हवेत गंजते आणि प्लास्टिकचे बंद उन्हाने तुटतात, तेव्हा बांधायला स्टेनलेस स्टीलचा क्लॅम्प. जाळीवर धूळ आणि कोळिष्टकं साचतात. पावसाळ्याआधी एकदा ब्रश मारायचा. संपलं काम. गेटवर सोसायटीच्या नावाचे रंग बदलणारे दिवे लागले तेव्हा फंड होता. टोपीला म्हणे तीन कोटेशनं लागतात.

बाकीच्या वाटा ज्याने त्याने बघाव्यात. चेंबरच्या झाकणाचा कोपरा फुटला असेल तर फट कमी सिमेंटच्या कच्च्या मालाने भरावी. पक्कं सिमेंट लावलं की तुंबल्यावर झाकण फोडावं लागतं. नहाणी ट्रॅपमधली, वाट अडवणारी उपडी वाटी केस अडकतात म्हणून प्लंबर काढून फेकतो, आणि मग आपण झुरळांना शिव्या देतो. वॉशिंग मशीनची नळी जमिनीतल्या पाइपात नुसती सोडलेली असते, तिच्याभोवती रबरी रिंग हवी. मुंबईकर मंडळींनी गावचं घर बंद करताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडेतेल ओतावं. तेलाच्या थराखालचं पाणी उशिरा आटतं.

बेडकाच्या मागे पुढचा पाहुणा येतो ती दिवड. बिनविषारी, पण चावते कडकडून. आणि संडासात वाकून, अर्धवट उजेडात, ती दिवडच आहे हे ठरवायला जाऊ नये. कमोडचं झाकण लावून वर भरलेली बादली ठेवावी, दाराच्या फटीत टॉवेल कोंबावा आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ वर फोन करावा. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की साप मोठा असला आणि अर्धा ट्रॅपच्या पलीकडे असला तर खर्च निम्मा निम्मा धरायचा का.

शेवटी टोपी, जाळी, क्लॅम्प मीच आणलं. गच्चीला कुलूप. किल्ली काकांकडे आणि काका लेकीकडे ठाण्याला. फोन केला.

"किल्ली वॉचमनकडे आहे, देईल तो. पण गच्चीवर जायचं तर अर्ज लागेल. आणि वहिनी, अर्जावर सही साहेबांची घ्या हं."