समुद्रपक्ष्यांचा अनुशेष

दांडेकर समितीने १९८४ साली मराठवाड्याचा अनुशेष मोजला. रस्ते मोजले, सिंचन मोजलं, एक रकाना मात्र राहून गेला: समुद्रपक्षी मारण्यात मराठवाड्याचा वाटा किती? राज्याला ७२० किलोमीटरचा किनारा, त्यातला आपल्या नावावर एक वीतही नाही. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेसुद्धा गोडं. खारं कोण पाठवणार?

तरी खचू नका. हा अनुशेष बसल्या जागी भरून काढता येतो. आधी काम कसं चालतं ते नीट समजून घ्या, म्हणजे उगाच चुकीच्या मासळीवर पैसे जाणार नाहीत.

अव्वल पद्धत टूना पकडायच्या लाँगलाइनची. बोटीच्या मागून पन्नास ते शंभर किलोमीटर लांबीचा दोर सोडतात. त्याला ठरावीक अंतरावर आडफाटे, फाट्याच्या टोकाला गळ आणि गळाला माकूळ नाहीतर बांगडा. एका खेपेला तीनेक हजार गळ सहज. टूना खोल पाण्यात असतो, पण आमिष खोल जाईपर्यंत थोडा वेळ वरच तरंगतं. अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याला तेवढा वेळ पुरतो. झडप, गळ, आणि मग दोराच्या वजनानं खाली. २०११ साली आलेल्या अंदाजानुसार दर वर्षी किमान १,६०,००० पक्षी असे बुडतात.

भटक्या अल्बट्रॉसचे पंख पसरले की साडेतीन मीटरपर्यंत भरतात. पिकअपच्या हौद्यात ठेवला तरी टोकं बाहेर येतील. तो दहाव्या वर्षाच्या आसपास वीण सुरू करतो आणि दोन वर्षांत एकच अंडं घालतो. पिलाला दोघं मिळून भरवतात. म्हणजे एक गळ लावला की बापाबरोबर घरातलं पिल्लूही जातं. एवढा परतावा कुठल्या योजनेत मिळतो सांगा.

आता जपून राहायच्या गोष्टी. काही विघ्नसंतोषी लोकांनी यावर तीन स्वस्त उपाय काढलेत. पहिला, आडफाट्याला वजन: गळापासून अर्ध्या मीटरच्या आत ४० ग्रॅम, मीटरभर अंतरावर ६० ग्रॅम. आमिष झटकन बुडतं, पक्षी उपाशी परततो. दुसरा, दोर रात्री सोडणं (पौर्णिमेच्या आसपास हा उपाय लंगडा पडतो, तेवढाच दिलासा). तिसरा उपाय जपानी मच्छीमारानं शोधलेला, तोरी लाइन. बोटीच्या मागच्या बाजूला आठेक मीटर उंच खांब, त्यावरून मागं शंभर मीटर हवेत ताणलेली दोरी, आणि दर पाच मीटरला भडक रंगाच्या लोंबत्या झालरी. ज्वारीच्या रानात आपण जे करतो तेच, फक्त बुजगावणं पाण्यावर. जाणकार म्हणतात, तिन्ही एकदम वापरा. हिंदी महासागराच्या टूना आयोगानं २५ अंश दक्षिणेच्या खाली तीनपैकी दोनच मागितले. तिसऱ्याची सूट कुठं आणि कशी वापरायची हे बोटवाल्याला शिकवावं लागत नाही.

शिवाय आमिष बर्फातून काढलं तसंच, कडक गोठलेलं लावायला सांगा. वितळलेलं लवकर बुडतं, गोठलेलं तरंगतं. दोर सोडतानाच माशांची आतडी-मुंडकी समुद्रात टाकायला सांगा, म्हणजे पंगतीचं आमंत्रण लांबवर पोचतं.

नामिबियासारखा अविचार मात्र कुणी करू नये. त्यांनी २०१५ साली झालरींची दोरी सक्तीची केली आणि लाँगलाइनवरचे पक्ष्यांचे मृत्यू ९८ टक्क्यांनी घसरले. त्या झालरी तिथल्या वॉल्विस बे बंदरातल्या बायकांचा गट बनवतो. आपल्याकडच्या बचत गटांनी पापड-शेवयांवरच लक्ष द्यावं, नसत्या कल्पना घेऊ नयेत.

आता तुमचं काम. जालना रोडवरच्या हॉटेलात डब्यातल्या टूनाचं सँडविच खाऊन छाती फुगवू नका. तो बहुतेक घेरजाळ्यात धरलेला, स्किपजॅक जातीचा असतो, त्यात अल्बट्रॉस फारसा सापडत नाही. मागायचा तर यलोफिन किंवा बिगआय मागा, आणि ‘लाँगलाइनवरचा का? झालरी होत्या का?’ असलं काही वेटरला विचारू नका. तो बिचारा परभणीचा, तुमच्याकडं बघत राहील.

खिशाला हे परवडत नसेल तर फिशमील आहे. तारली, अँचोवी असली बारीक मासळी शिजवून, पिळून, वाळवून दळायची. चार-पाच किलो माशांतून एक किलो भुकटी निघते. हीच मासळी समुद्रपक्ष्यांचं रोजचं जेवण. २०११ च्या एका अभ्यासात चौदा जातींच्या पक्ष्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा सगळीकडं एकच रेघ दिसली: बारीक मासळी तिच्या सर्वोच्च साठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेली की पिल्लं जगेनाशी होतात. म्हणून अभ्यासकांनी ‘एक वाटा पक्ष्यांना’ असं सुचवलं. आपण भावाला बांधाचा वाटा देत नाही. पेरूनं १९७० साली सव्वा कोटी टनांच्या घरात अँचोवी उपसली, वर १९७२ चा एल निनो आला, आणि १९७३ साली पकड वीस लाख टनांच्या आसपास येऊन आपटली. विष्ठेच्या खतावर देशाला पैसा देणारे पाणकावळे आणि पेलिकन लाखोंनी उपाशी मेले.

फिशमीलचा मोठा हिस्सा कोळंबी आणि माशांच्या शेतीला जातो, म्हणून रिसेप्शनला कोळंबीचा काउंटर लावाच. पोल्ट्रीत त्याचं प्रमाण कमी, कारण बरेच पोल्ट्रीवाले सोयापेंडीवर भागवतात. ही आपल्या चळवळीची दुखरी नस. लातूर म्हणजे सोयाबीनची पेठ, पेंडीत ४५ टक्क्यांच्या वर प्रथिनं, भाव पडून पोती घरात थप्पीला. अशा वेळी पोल्ट्रीवाल्याला जाऊन सांगा, ‘दादा, सोयाबीन नको, समुद्रातलं काही असेल तर बघा.’ शेतकरी आणि सुरय पक्षी, दोघांचंही एकाच वाक्यात भागतं.

पापलेटबद्दल थोडक्यात. २०२३ साली सरकारनं त्याला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींची किमान लांबी ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटर. पोराच्या कंपासमधली पट्टी पंधरा सेंटिमीटरची, म्हणजे तिचं टोक दीड सेंटिमीटर बाहेर राहिलं तर मासा कायद्यात बसतो. बाजारात जाताना ती घरीच ठेवा. तळहाताएवढे घ्या, ताटात दोन बसतात, पाहुणे खूश.

आणि हे सगळं नाही जमलं तर पैठण आहेच. नाथसागर १९७६ साली भरला, १९८६ साली पक्षी अभयारण्य झालं, आणि हिवाळ्यात तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडून थेट तिथं उतरतात. समुद्र आपल्याकडं आला नाही, पण समुद्रपक्षी आपल्या पायांनी आले. आता पाहुणचार तुमच्या हाती.

साहित्य: बारीक आसाचं तंगूसाचं (नायलॉनच्या धाग्याचं) जाळं, वर थर्माकोलचे तुकडे, खाली विटांचे. संध्याकाळी लावा, पहाटे काढा. दिवसा काढायचा कंटाळा आला तर राहू द्या, उलट बरंच. पाणकावळ्याची पिसं भिजतात, त्यामुळं तो बदकासारखा वर उसळत नाही, माशामागं सरळ खाली जातो. तंगूस पाण्यात दिसत नाही. मान आसात शिरते, खांदे अडतात, मागं ओढलं तर पिसं उलटी होऊन धागा आणखी रुततो. दोन-चार मिनिटांत काम संपतं. सोडवताना जाळं कापू नका, जाळ्याला पैसे पडतात. पंख पिरगाळून काढा.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेटं उघडी पडतात आणि नदी सुरय उघड्या वाळूत अंडी घालतात. जाळी वाळवायला तेच बेट निवडा. कुणी जवळ आलं की सुरय उडते, आणि एप्रिलमधल्या बेचाळीस अंशात अंड्यावरची सावली गेली की उबवायला काही उरत नाही. दगड मारायचीही गरज नाही. चटई टाका, चहा ठेवा, दोन तास गप्पा मारा.

फाटलेलं जाळं परत आणू नका. तंगूस कुजत नाही. पाणी खाली गेलं की ते काठच्या बाभळीवर अडकून राहतं, त्यात एखादा पाणकावळा उलटा, पंख पसरून, महिनोन्‌महिने. खाली गाळपेऱ्यात हरभरा असेल तर काढूही नका. जपानी मच्छीमाराला शंभर मीटर दोरी आणि झालरी लागल्या होत्या; आपलं बुजगावणं फुकटात झालं.