लाईन गेली, रपटा बुडाला

माझ्या पत्नीचे माहेर दर्यापूरकडचे. गावाच्या नावात दर्या असला तरी तो खारपाणपट्टा असल्यामुळे समुद्राचा अंश काय तो विहिरींच्या पाण्यात उतरला आहे. लग्न करून ती गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यातल्या आमच्या गावी आली, तेव्हा समुद्र दाखवण्याचे वचन मी तिला मुळीच दिले नव्हते. तो तिला पहिल्याच श्रावणात दिसला. सकाळी सपरीत, म्हणजे ओसरीत, उभी राहून बराच वेळ समोर पाहिल्यावर तिने मला विचारले, "अहो, काल इथे रस्ता होता ना?"

रस्ता होताच. आमचे गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक नाला आहे आणि त्या नाल्यावर रपटा आहे. रपटा म्हणजे पूल होता होता राहून गेलेली वस्तू. उन्हाळ्यात शेळीसुद्धा खूर न भिजवता हा नाला ओलांडते, त्यामुळे तो पुरात बुडतो हे सांगितले तर परगावचा माणूस हसतो. गंमत अशी की त्याला बुडवायला आमच्याकडे पाऊस पडावाच लागत नाही. आकाश निरभ्र असते, पऱ्हे म्हणजे धानाची रोपे तयार आहेत पण बांधीत म्हणजे धानाच्या शेतात पाणी नाही म्हणून शेतकरी कपाळावर हात ठेवून वर पाहत असतो आणि पाऊस कोसळत असतो तो वैनगंगेच्या उगमाकडे, मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात. ते पाणी भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरणात येते, तिथले दरवाजे उघडतात, खाली नदी फुगते आणि फुगलेली नदी आमच्या नाल्याला आत घेत नाही. दारातूनच परत पाठवलेल्या पाहुण्यासारखा नाला मागे फिरतो आणि रपट्यावर ठाण मांडून बसतो.

याची पूर्वसूचना मोबाईलवर येते, असे नाही की येत नाही. धरणाच्या ३३ दरवाज्यांपैकी किती उघडले आणि किती मीटरने उघडले, हे त्यात व्यवस्थित लिहिलेले असते. फक्त विसर्गाचा आकडा कधी क्युसेकमध्ये असतो तर कधी क्युमेक्समध्ये, आणि १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक हे मी शाळामास्तर असल्यामुळे मला पारावर दरवर्षी नव्याने शिकवावे लागते. तोवर पाणी रपट्यावर आलेले असते. कधीकधी तर लाईन नसल्याने टॉवर बंद, टॉवर बंद असल्याने संदेश अडकलेला, आणि पूर ओसरून रपट्यावरचा गाळ वाळला की "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे" हे चार दिवसांपूर्वीचे वाक्य एकदम सात वेळा येऊन पडते. आम्ही सतर्कच असतो. त्याशिवाय दुसरे कामच नसते.

लाईनचे दुःख मात्र खोल आहे. नदीचा पलीकडचा काठ चंद्रपूर जिल्ह्यात मोडतो आणि त्या जिल्ह्यातल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. मला त्यातून ९ वॅटच्या एका बल्बापुरती वीज हवी असते. वारा जरा जोरात वाहिला की डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ नावाचा फ्यूज पडतो, त्या पडण्याचा फटाक्यासारखा आवाज गावातली लहान मुलेही ओळखतात आणि आवाजापाठोपाठ घराघरांतून "गेली!" असा एकच उद्गार निघतो. मग चक्की बंद पडते. आम्हा झाडीपट्टीतल्या लोकांना त्याचे विशेष वाटत नाही, कारण भात आणि लाखोळीच्या डाळीवर आम्ही आषाढापासून पोळ्यापर्यंत सुखाने काढू शकतो. परंतु पोळीवर वाढलेली माझी पत्नी तिसऱ्या दिवशी गव्हाच्या डब्याकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर मला चुकवावी लागते.

गेल्या श्रावणात लाईन गेली, रपटा बुडाला, आणि लाईनमन नाल्याच्या पलीकडे येऊन उभा राहिला. मधून पाणी वाहत असताना दोन्ही काठांवरून ओरडून संभाषण झाले.

"किती डीओ पडले जी?"

"एकच लोंबते. दोन उभे हायेत!"

"हात नका लावू कोणी!"

"आमी काहून लावू बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी पाण्याची ओढ कमी झाली, तेव्हा ढिवर मोहल्ल्यातल्या एका भावाने डोंगा काढला. लाईनमन डोंग्यात मांडी घालून, पकडीची पिशवी पोटाशी धरून आणि डोळे मिटून अलीकडे आला. आता डीओ बसवण्यापूर्वी उपकेंद्राला फोन करून फिडर बंद करवून घ्यावा लागतो, आणि फोन लागण्यासाठी टॉवरला लाईन लागते. लाईन येण्यासाठी आधी लाईन हवी, या पेचावर गावाने शोधलेला तोडगा म्हणजे मामा तलावाची, अर्थात जुन्या मालगुजारी तलावाची, पाळ. तिथे पळसाच्या बुंध्याला पाठ टेकून, मोबाईल डोक्यावर धरून उभे राहिले तर नदीपलीकडच्या टॉवरची एक कांडी मिळते. लाईनमनने तशा ध्यानस्थ अवस्थेत परवानगी मिळवली, लांब काठीने डीओ बसवला, आणि संध्याकाळी सहा वाजता गावात उजेड पडला. चक्कीपुढे डब्यांची रांग लागली. पत्नीचा डबा तिसरा होता.

लाईनमन परत निघाला, तेव्हा डोंगेवाला सापडेना. तो चार दिवसांनी आलेल्या लाईनीवर मोबाईल चार्जिंगला लावून शांत झोपला होता, आणि अंधार पडल्यावर डोंगा घालणार नाही असे त्याने झोपेतच स्पष्ट सांगितले. पाणीही पुन्हा चढू लागले होते. लाईनमनची सोय साहजिकच मास्तरांच्या सपरीत झाली.

रात्री पहिली पोळी तव्यावर फुगली आणि बल्ब विझला. या वेळी फटाक्यासारखा आवाज आला नाही. लाईनमनने बाहेर जाऊन विजेरीने डीपी पाहिली. तिन्ही डीओ जागेवर उभे होते. मग तो पाळीवर गेला, पळसाला टेकून बराच वेळ बोलला आणि पायांना चिखल लावून परत आला.

"काय झालं हो भाऊ?" पत्नीने चिमणी पेटवत विचारले.

"जम्पर तुटला जी वहिनी, खांबावरची जोडतार," तो पाटावर बसत म्हणाला. "रपट्याच्या पल्याड. साहेब विचारून राहिले, किती वेळात पोहोचता म्हणून."

पत्नीने त्याच्या ताटात पोळी वाढली, उरलेले पीठ झाकून ठेवले आणि मला तांदूळ काढायला सांगितले.