क्लासिक स्पोर्ट्स कार घेताना ‘मोठ्यात मोठं इंजिनच घ्या’ हा सल्ला का चुकतो

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं की एक सल्ला हमखास फिरत येतो. शब्द इकडचे तिकडे होतात, पण गाभा तोच: त्या मॉडेलमध्ये जे सगळ्यात मोठं इंजिन मिळतं तेच घ्या, लहान इंजिनवाली म्हणजे नाइलाज, नंतर हात चोळत बसाल. आणि त्याला जोडून कारणंही ठरलेली, मोठं इंजिन म्हणजे जास्त ताकद, वजनात फारसा फरक पडत नाही, मोठं इंजिन आरामात चालतं म्हणून जास्त टिकतं, किंमत मोठ्यालाच येते, आणि ताकद नको असेल तेव्हा वापरू नका, कोण जबरदस्ती करतंय. ऐकायला सगळं पटतं. पण यातलं एकही कारण सरसकट खरं नाही, आणि या सल्ल्यापायी लोक चांगल्या चांगल्या गाड्या बघायलासुद्धा जात नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सीसी जास्त म्हणजे ताकद जास्त.’ जग्वार ई-टाइप घ्या. १९६१ मध्ये आली तेव्हा ३.८ लिटर, १९६४ मध्ये ४.२ लिटर झाली, आणि कंपनीने दोन्हीला सांगितलेली ताकद एकच, २६५ हॉर्सपॉवर. वाढला तो टॉर्क, म्हणजे इंजिनची फिरवण्याची ओढ. ४.२ ला लोक जास्त पसंत करतात त्यामागे इंजिनापेक्षा गिअरबॉक्सचा हात मोठा आहे, कारण ३.८ च्या जुन्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर खडखड न करता पडावा यासाठीची सोय) नव्हता आणि नवा सगळ्या गिअरला सिंक्रो असलेला होता, शिवाय सीट आणि ब्रेकही सुधारले. म्हणजे गाडी चांगली झाली हे खरं, पण सीसीमुळे झाली हे नाही.

दुसरं उदाहरण बीएमडब्ल्यूची जुनी ३ सिरीज, म्हणजे ई३०. ३२५आय मध्ये २४९४ सीसीचं सहा सिलिंडर, १७० हॉर्सपॉवर. आणि त्याच बॉडीवरची एम३, जिच्यासाठी लोक जीव टाकतात, तिच्यात २३०२ सीसीचं चार सिलिंडर, ताकद १९५ ते २०० च्या घरात. कमी सीसी, कमी सिलिंडर, तरी जास्त पॉवर आणि नाक हलकं.

आणि जुने अमेरिकन आकडे वाचताना तर दहादा विचार करा. कॉर्व्हेटचं ३५० क्युबिक इंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन १९७० च्या एलटी-१ मध्ये ३७० हॉर्सपॉवरचं होतं आणि १९७५ च्या बेसिक गाडीत १६५ चं. सीसी तेच! फरक थोडा मोजण्याच्या पद्धतीचा, कारण १९७२ पासून ग्रॉस (सुटं इंजिन मोजून काढलेले) आकडे जाऊन नेट (गाडीत असतं तसं सगळं जोडून मोजलेले) आले, आणि बाकीचा कमी केलेल्या कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा, आणि एमिशनच्या, म्हणजे धुराच्या, नियमांचा. अमेरिकेतल्या डॅटसन २६०झेडलाही २४०झेडपेक्षा जास्त सीसी दिले ते मुख्यतः नियमांनी खाल्लेली ताकद भरून काढायला, वर जड बंपर आले ते वेगळेच. तर बॅजवरचा आकडा बघून गाडीचा दम ठरवू नका.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: ‘वजनात काय एवढा फरक पडतो.’ पडतो, आणि कुठे पडतो ते त्याहून महत्त्वाचं. याचा इतका स्वच्छ पुरावा एमजीबीच्या घराण्यात आहे की दुसरीकडे जायची गरजच नाही. मूळ एमजीबी १९६२ ची, १७९८ सीसी, चार सिलिंडर. १९६७ मध्ये त्याच बॉडीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं लोखंडी इंजिन बसवून एमजीसी काढली. हे इंजिन चार सिलिंडरपेक्षा जवळपास ९५ किलोने जड. ते मावेना म्हणून बॉनेटवर फुगवटा काढला, पुढचं सस्पेन्शन बदलून टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळले जाणारे दांडे) घातले, चाकं १४ ची १५ इंची केली, आणि एवढं करून गाडी वळणावर नाक बाहेर ढकलते अशी टीका झाली, ती १९६९ मध्ये बंदही झाली. तुम्ही एमजीबी आणि एमजीसी पाठोपाठ चालवा, सरळ रस्त्यावर एमजीसी मस्त लांब ढांगा टाकते, पण घाटासारख्या रस्त्यावर एका वळणातून दुसऱ्या वळणात जाताना स्टिअरिंग फिरवलं की नाक क्षणभर विचार करतं आणि मग येतं, एमजीबीमध्ये ते हात फिरवल्याबरोबर येतं.

गंमत पुढे आहे. १९७३ मध्ये एमजीबी जीटी व्ही८ आली, ३५२८ सीसी, रोव्हरचं ॲल्युमिनियमचं, व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं इंजिन. म्हणजे तिघींत सगळ्यात मोठं. पण हे व्ही८ मूळच्या लोखंडी चार सिलिंडर इंजिनपेक्षा थोडं हलकंच होतं, त्यामुळे गाडीचा तोल बिघडला नाही. ताकद १३७, एमजीसीची १४५. म्हणजे जवळजवळ सारख्या ताकदीच्या दोन गाड्या, एकीवर टीका आणि दुसरीचं कौतुक, आणि फरक इंजिनच्या आकाराचा नाही, पुढच्या चाकांवर येणाऱ्या किलोंचा. मोठ्या इंजिनाची बाजू घेणारे हेच व्ही८ पुढे करतात, पण ते त्यांच्या सल्ल्याला आधार देत नाही, उलट सांगतं की आधी वजन विचारा आणि मग सीसी.

ऑस्टिन-हीलीचंही तसंच, १०० मध्ये चार सिलिंडरचं २६६० सीसी होतं, त्यानंतरची १००-६ सहा सिलिंडरची, सीसी किंचित कमी, वजन जास्त, आणि सुरुवातीच्या १००-६ जुनीपेक्षा मंद म्हणून बदनाम झाल्या. पोर्शेत वजन मागे असतं एवढाच फरक. सुरुवातीच्या ९११ ला शेपूट इतकी जड झाली की कंपनीने पुढच्या बंपरमध्ये लोखंडी वजनं घातली, आणि १९६९ च्या मॉडेलला व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ५७ मिमीने वाढवला. तिचीच बहीण ९१२, जुन्या ३५६ चं १.६ लिटरचं चार सिलिंडर, ९० हॉर्सपॉवर, मागे हलकी. पहिल्या काही वर्षांत ती ९११ पेक्षा जास्त विकली गेली, आणि विकत घेणारे सगळेच काही पैसे कमी पडले म्हणून घेत नव्हते.

तिसरं, ‘मोठं इंजिन ताणलं जात नाही म्हणून टिकतं.’ हे तेव्हाच खरं जेव्हा मोठं इंजिन मुळातच मोठं म्हणून बनवलेलं असतं. पण जुन्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा तोच ब्लॉक ओढून ताणून मोठा केलेला असतो. ट्रायम्फ स्पिटफायर बघा. १२९६ सीसीच्या इंजिनात बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७६. पुढे १४९३ सीसी केलं तेव्हा बोअर तोच ठेवला आणि स्ट्रोक ८७.५ वर नेला. क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या मेन बेअरिंग मात्र तीनच राहिल्या. आता साधा हिशोब करा: ६००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग १३०० मध्ये सेकंदाला १५.२ मीटर येतो आणि १५०० मध्ये १७.५. त्यामुळे १५०० वाली हायवेवर सतत ताणली की बिग एंड (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणारी) बेअरिंग जाण्यासाठी बदनाम आहे, आणि १३०० आनंदाने फिरत राहते. ताकदीतही १३०० च्या मार्क ३ ला ७५ हॉर्सपॉवर आणि १५०० ला ७१, वाढला तो फक्त टॉर्क. एमजी मिजेटमध्येही १९७४ मध्ये १२७५ काढून हेच १५०० बसवलं. मी १५०० ला वाईट म्हणत नाही, ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन कमी फिरावं म्हणून जास्तीचा गिअर) असेल आणि निवांत चालवणार असाल तर ती सोयीची आहे, पण ‘मोठी म्हणून जास्त टिकेल’ असं समजून घेतली तर आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

टिकण्याबरोबर उष्णता आणि जागाही येते. सनबीम अल्पाइनच्या बॉडीत फोर्डचं ४.३ लिटरचं व्ही८ घालून टायगर केली तेव्हा ते बसवायला फॅक्टरीत बल्कहेडला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, घणाचे घाव घालावे लागायचे, आणि एक स्पार्क प्लग तर गाडीच्या आतून, बल्कहेडच्या भोकातून काढावा लागतो. गाडी भन्नाट आहे, वादच नाही. पण गरम होते, आणि प्रत्येक लहान कामाला हात घालायला जागा नाही. हे दर सर्व्हिसला भोगावं लागतं, सल्ला देणाऱ्याला नाही, तुम्हाला.

‘किंमत मोठ्यालाच येते’ हे बऱ्याचदा खरं आहे, मान्य. पण नियम म्हणून नाही. जपानमध्ये डॅटसन २४०झेडच्याच बॉडीत निसान फेअरलेडी झेड ४३२ होती, दोन लिटरचं १९८९ सीसीचं एस२० इंजिन, २४ व्हॉल्व्ह, १६० हॉर्सपॉवर. साधारण ४२० बनल्या आणि आज त्या घराण्यात तिच्या किमतीच्या जवळपास कुणी नाही. आणि एक साधी गोष्ट, महाग व्हर्जन घेतली की तिच्या नकलाही बाजारात असतात, लहान इंजिनवाल्या गाडीत मोठं इंजिन घालून बॅज लावलेल्या, त्यामुळे चेसिस नंबर आणि इंजिन नंबर तपासायचं काम तुमच्या डोक्यावर येतं.

राहिलं ‘ताकद नको तेव्हा वापरू नका.’ या मुद्द्याशी मी मनापासून भांडतो, कारण स्पोर्ट्स कारचा आनंद कशात आहे हेच त्यात हरवतं. अल्फा रोमिओचं जीटी १३०० ज्युनियर १२९० सीसीचं, ८९ हॉर्सपॉवरचं, पण ट्विन कॅम (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दोन कॅमशाफ्ट), दोन कार्ब्युरेटर, पाच गिअर. बोअर ७४, स्ट्रोक ७५. दोन लिटरवाल्याचा स्ट्रोक ८८.५. १३०० ला वर वर फिरवायला आवडतं, साडेपाच सहा हजारापर्यंत नेऊन गिअर बदला, पुढच्या वळणाला खाली गिअर टाका, पुन्हा वर न्या, आणि हे सगळं करताना स्पीडोमीटर कायद्याच्या आत असतो. दोन लिटरमध्ये तेच करायला गेलात तर दुसऱ्या गिअरमध्येच स्पीड लिमिट संपतं आणि मग एक्सलरेटर धरून बसायचं. ताकद वापरायची नाही म्हणजे इंजिन वापरायचं नाही, आणि जे इंजिन वापरायचंच नाही त्याचा आवाज, त्याचा प्रतिसाद, काहीच तुमच्या वाट्याला येत नाही.

आता मोठं इंजिनच घ्यावं असे प्रसंगही आहेत आणि ते लपवून हा वाद प्रामाणिक होणार नाही. फेरारी २०८ जीटीबी इटलीत दोन लिटरवरच्या गाड्यांवर जास्त कर होता म्हणून केली, ३०८ चंच व्ही८ बोअर कमी करून १९९१ सीसीवर आणलं, १५५ हॉर्सपॉवर राहिली. वजन जवळपास तेवढंच, म्हणजे लहान इंजिनाचा फायदा शून्य आणि तोटा पूर्ण. कागदावर कर वाचवायला लहान केलेलं इंजिन आणि हलक्या गाडीसाठी बनवलेलं लहान इंजिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फियाट एक्स१/९ मध्येही मी १५०० सुचवीन, कारण तिच्याबरोबर पाचवा गिअर येतो आणि १३०० चार गिअरमध्ये हायवेवर किंचाळत राहते.

माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत तर उत्तर तुम्ही काय करणार त्यावर आहे. १.६ हलकी आणि चटकन फिरणारी, १.८ ला थोडी जास्त ताकद, बॉडीला जास्तीचे ब्रेस, म्हणजे मजबुतीच्या पट्ट्या, आणि मजबूत डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारे गिअर. टर्बो लावायचा असेल, ट्रॅकवर झिजवायची असेल तर १.८ घ्या, १.६ चं डिफरन्शिअल तो भार घेत नाही. फक्त रस्त्यावर चालवायची असेल आणि चांगली, गंज नसलेली १.६ समोर आली, तर १.८ मिळेल म्हणून थांबू नका.