टाइम ऑफिसमधला अभिमन्यू

स्ट्रॅटेजिक ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे व्यूहात्मक मनुष्यबळ व्यवस्थापन, असं मी घरी सांगितलं तेव्हा बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "व्यूह? म्हणजे आत शिरायचं माहीत, बाहेर पडायचं माहीत नाही, तेच ना?" फीचा पहिला हप्ता भरून झाला होता. मी गप्प बसलो.

वय चव्वेचाळीस. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकोणीस वर्षं. हजेरी, ओव्हरटाइम, बसचे पास, युनिफॉर्मची मापं, कॅन्टीनची कूपनं आणि दसऱ्याला मशीनच्या पूजेचे झेंडू. हे करणाऱ्याला एचआर म्हणतात हे मला जरा उशिराच कळलं, दारावरची पाटी बदलली तेव्हा. मग साहेब म्हणाले, एमबीएशिवाय मॅनेजर होता येणार नाही. म्हणून हा संध्याकाळचा कोर्स. साडेपाचला पंच मारायचं, नाशिक फाट्यावर अडकायचं आणि साडेसहाला अशा बाकावर बसायचं, ज्यात पोट आधी बसतं आणि मी नंतर.

वर्गातली बाकीची मंडळी चोवीस-पंचवीसची. शिकवणारे सर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ते मला 'सर' म्हणत, मी त्यांना 'सर' म्हणे. कोण कोणाला शिकवतोय हे बाहेरून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. पण खरी नामुष्की हजेरीची. पंचाहत्तर टक्क्यांची अट. एकदा दुसऱ्या पाळीत काहीतरी लफडं झालं, मी पोचलोच नाही आणि आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीने प्रेमाने माझी सही ठोकून दिली. "काका, टेन्शन नका घेऊ." दुसऱ्याचं कार्ड पंच करणाऱ्यांना एकोणीस वर्षं मेमो देत आलेला मी! त्या रात्री झोप लागली नाही. सही मात्र खोडली नाही.

विषयाचं म्हणाल तर 1984 हे साल फार वाईट. त्याच वर्षी मिशिगनचं मॉडेल, म्हणजे माणसं कशी सांभाळायची त्याचा आराखडा, आलं आणि त्याच वर्षी हार्वर्डचंही. मिशिगनवाले म्हणतात, निवड करा, कामगिरी मोजा, बक्षीस द्या, तयार करा. सगळं कंपनीच्या धोरणाला जुळलं पाहिजे. हार्वर्डवाले म्हणतात, अहो, कामगार, युनियन, सरकार, समाज यांचंही ऐका. दोघं वेगवेगळ्या साली जन्मले असते तर माझ्या पेपरात गल्लत झाली नसती. मी तेव्हा बालवाडीत होतो. माझा काही दोष नाही. पुढे 1997 मध्ये डेव्ह उलरिच या अमेरिकन प्राध्यापकांनी एचआरच्या चार भूमिका सांगितल्या. पहिलीच भूमिका धोरणातला भागीदार. म्हणजे संचालकांच्या टेबलाशी एचआरलाही खुर्ची हवी. आमचं टेबल गेटपाशी, पंचिंग मशीनच्या शेजारी. त्याच्याशी खुर्ची आहे. तिच्यावर वॉचमन बसतो.

मला खरोखर आवडला तो जे बार्नी या अमेरिकन प्राध्यापकांचा 1991 चा लेख. कंपनीकडे असं काही हवं, जे मोलाचं आहे, दुर्मीळ आहे, दुसऱ्याला नक्कल करता येत नाही आणि ज्याला पर्याय नाही. हे वाचलं आणि डोळ्यांसमोर मेंटेनन्सचे मामा उभे राहिले. मामा स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "पुढचं बेअरिंग गुरुवारपर्यंत चालेल." गुरुवारी ते जातंच.

असाइनमेंटमध्ये मी दोन पानं मामांवर लिहिली. सरांनी लाल शाईत विचारलं, 'संदर्भ?' मी खाली लिहून दिलं, 'मेंटेनन्स विभाग, शेड नंबर 3.' दहापैकी चार.

मामांना मात्र सांगितलं. "मामा, तुम्ही कंपनीचं असं साधन आहात, ज्याची नक्कल होत नाही." मामांनी चहा बशीत ओतला. "बरं. मग ग्रॅच्युइटीला पंधरा भागिले सव्वीसच धरणार, का या साधनाचं काही वेगळं?"

पंधरा भागिले सव्वीसच धरलं: नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा. 31 मार्चला मामा रिटायर झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ मीच आणलं होतं.

मे महिन्यात परीक्षा. पाचवा प्रश्न सक्सेशन प्लॅनिंग: महत्त्वाच्या जागेवरचा माणूस जाण्याआधी त्याचा वारस कसा तयार कराल? काय लिहिलं म्हणून सांगू! चार पानं, दोन आकृत्या, एक तक्ता. जोडीदार नेमा, निदान वर्षभर त्याला बरोबर फिरवा, तोंडी ज्ञान कागदावर उतरवा. हात दुखला, पण मन भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला कॉम्प्रेसर कुंथायला लागला. प्लँट हेड शेडमध्ये, आजूबाजूला तीसेक माणसं. "मामांच्या जागी कोण आहे?" त्यांनी विचारलं आणि सगळे एचआरकडे, म्हणजे माझ्याकडे, बघू लागले.

मामांना फोन लावला. ते माण तालुक्यात, डाळिंबाच्या बागेत. मोबाइल कॉम्प्रेसरपाशी धरला.

"असं नाही कळत," मामा ओरडले. "मोबाइलला फक्त गोंगाट ऐकू येतो. स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक बेअरिंगपाशी, मूठ कानाला. ऐकलंत?"

"ऐकलं."

"आता तोंडानं काढून दाखवा."

मी प्लँट हेडकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "खर्र-टक्," मी म्हणालो. "खर्र-टक्, खर्र..."

"टक्च्या आधी शिट्टी आहे का?"

"थोडीशी."

"मग ती घेऊन परत काढा. आणि जरा सावकाश, साहेब."