खोली नंतर बघा, आधी किनारा कुठल्या बाजूचा ते विचारा

आज मैत्रिणीने मोठ्या हौसेने एका हॉटेलची लिंक पाठवली. थायलंडमधलं फुकेत बेट, जुलैअखेर, सोबत तिचे आईवडील. "बघ ना, स्विमिंग पूल थेट समुद्रात उतरतोय असं वाटतं!" फोटो बघितला आणि डोकं सणकलं. तिच्यावर नाही, असल्या फोटोंवर.

त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, त्याच मोसमात, मी माझ्या आईला घेऊन गेले होते. बुकिंग एजंटचं. "एकदम बीचफ्रंट, काळजीच करू नका." होतंही बीचफ्रंट. फक्त बीचवर रोज लाल झेंडा, म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. परतीच्या लाटेबरोबर आत ओढणारा प्रवाह भल्या भल्या पोहणाऱ्यांना दमवतो, तिथे आईचं काय! गुडघे दुखत असूनही ती एकाच इच्छेने आली होती, कमरेएवढ्या समुद्रात उभं राहायचं. बसली बाल्कनीत.

मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे त्या किनाऱ्यावर येऊन आदळतात, हे एजंटला माहीत नव्हतं? मग हा धंदा करू नये त्याने. त्याच देशात, पलीकडच्या आखातातलं को समुई जुलै-ऑगस्टमध्ये बरंच कोरडं असतं, तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. श्रीलंकेत शांत समुद्र हवा तर डिसेंबर ते मार्च नैऋत्येला उनावटुना, मिरिस्सा. मे ते सप्टेंबर मात्र पूर्वेला त्रिंकोमाली, निलावेली. मॉरिशसला जून ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा सुटतो, पूर्व किनाऱ्यावर डोक्यावर टोपी टिकत नाही आणि पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला त्या मानाने सगळं निवांत. बेटाला तोंड असतं तशी पाठही असते. तुम्ही जाताय त्या महिन्यात वारा कुठून येतो ते बघायचं आणि बेटाच्या आडोशाच्या बाजूला राहायचं. बाथटब, बुफे, उशांचे प्रकार हे सगळं त्यानंतर.

काहींना पाण्यात पाऊलही टाकायचं नसतं, पूलकाठी पुस्तक घेऊन पडायचं असतं. ठीक आहे, मान्य. पण आईवडिलांना किंवा लहान मुलांना "समुद्र दाखवतो" म्हणून नेताय ना?

आणि शांत पाणी म्हणजे पोहण्याजोगं पाणी, असंही नाही. बालीतल्या सानूरला प्रवाळाच्या कड्यामुळे लाटा अडतात, छानच, पण ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोहायला खोलीच उरत नाही. भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून ठेवल्या तर दिवस फुकट जात नाही. मालदीवचंही सांगते. सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, तिथे फक्त उजेडात उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उतरणार असेल आणि रिसॉर्टला सीप्लेननेच जावं लागत असेल, तर पहिली रात्र विमानतळाच्या आसपासच काढायची. थकलेल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन! स्पीडबोटीने पोचता येईल असं जवळचं बेट घ्या ना.

आईला नंतर दुसऱ्या एका बेटावर नेलं. साधं गेस्टहाउस, खोलीतून समुद्र दिसतही नव्हता, पण किनारा आडोशाचा आणि वाट सपाट, एकही पायरी नाही. माझा हात धरून ती पाण्यात शिरली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "सोड आता, उभी राहते मी." लिहितानाही भरून येतंय. त्या बाल्कनीवाल्या खोलीचे पैसे याच्या कितीतरी पट होते.

म्हणून राग येतो. पैसे घेणाऱ्याला आपण कुठल्या महिन्यात येणार हे ठाऊक असतं, तरी दाखवतो तो निळ्याशार, कोरड्या मोसमातला फोटो. प्रत्येक हॉटेलला फोटोखाली महिना छापायला लावा. आणि तुमच्या तारखांना त्या किनाऱ्यावर साधारण कुठला झेंडा असतो, हेही त्यांच्याकडून पैसे भरण्याआधी लेखी मागून घ्या. टाळाटाळ केली तर बुकिंग करू नका.