ग्लासगोत वाचलेली वऱ्हाडी

माझी पुण्यातली मावसबहीण, आमची ताई, बरीच वर्षं एका वाचनगटात जाते. महिन्याला एक कादंबरी वाचायची आणि एकत्र बसून तिच्यावर बोलायचं. या खेपेला त्यांनी उद्धव शेळके यांची 'धग' घेतली होती. फोनवर ताई म्हणाली, "अगं, तीस पानांत निम्म्या जणींनी सोडून दिली. ती वऱ्हाडी कोण उकलत बसणार? मराठीला आता अभिजात दर्जा मिळालाय. निदान सगळ्यांना कळेल अशा मराठीत तरी लिहावं की लोकांनी." 'धग' १९६० साली आलेली आहे, हे मी तिला सांगितलं. पण तिचा रोख आजच्या लेखकांवरही होता. बोलीतल्या कादंबऱ्यांना पुरस्कार मिळतात पण वाचक मिळत नाहीत, हे मी गावाकडून नेहमी ऐकते.

तो फोन आला तेव्हा माझ्या उशाशी डग्लस स्टुअर्ट यांची 'शगी बेन' होती. मी अकरा वर्षं ग्लासगोत राहते आहे आणि ही कादंबरी याच शहरातली, १९८०च्या दशकातली. खाणी आणि कारखाने बंद पडताहेत, घरं उद्ध्वस्त होताहेत, आणि दारूच्या आहारी गेलेल्या आईला सावरायला धडपडणारा एक लहान मुलगा. आई अ‍ॅग्नेस कितीही कोसळली तरी बाहेर पडताना केस नीट, कपडे नीट, ओठांना रंग. तिचा तो ताठा मला फार भावला. तिचं सावरणं आणि पुन्हा घसरणं इतक्यांदा येतं की मधे थकायला होतं, पण तो थकवा त्या मुलाचा आहे. लेखकाने तो कमी केला नाही, हे बरंच केलं.

यातली माणसं ग्लासगोची बोली बोलतात. इथे मुलाला 'वेन' म्हणतात. 'ग्रीटिन' म्हणजे रडणं, हे मला इथे आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर शेजारीण "वेन रात्रभर ग्रीटिन करत होतं" म्हणायची आणि मी ते इंग्रजी 'ग्रीटिंग' समजून, बाळ सगळ्यांना हसून दाखवतं म्हणून, कौतुकाने मान डोलवायचे. कादंबरीतही असे शब्द पावलोपावली आहेत. पण इथल्या ओळखीच्यांपैकी कुणी तीस पानांत पुस्तक ठेवलं नाही. त्यात माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बायकाही होत्या. २०२०चं बुकर मिळालेलं पुस्तक, म्हणून आम्ही सगळ्यांनी नेटाने वाचलं. अडलं तिथे थांबलो, विचारलं, पुढे गेलो.

मग मी ताईला विचारलं, कारण तिनेही 'शगी बेन' वाचली आहे आणि ती तिला आवडली आहे. ग्लासगोच्या बोलीसाठी घेतलेले कष्ट अमरावतीच्या बोलीसाठी का घ्यायचे नाहीत? ती म्हणाली, "इंग्रजी परकीच आहे. तिथे अडणारच. पण आपल्याच भाषेत अडायला झालं की राग येतो." हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं, आणि आठवडाभर ते मनातून जाईना.

इथेही हा राग आहे, आणि तो जुना आहे. १९९४ साली जेम्स केलमन यांच्या 'हाऊ लेट इट वॉज, हाऊ लेट'ला बुकर मिळालं तेव्हा निवडसमितीतल्याच एका सदस्याने जाहीर नापसंती व्यक्त केली होती. ग्लासगोचा एक माणूस पोलिसांशी मारामारी करतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा आंधळा झालेला असतो, अशी ती कथा. पुस्तक अवघड आहे, मी दोनदा अर्ध्यावर सोडलं होतं. केलमन यांनी संवाद आणि निवेदन यांच्यातली भिंतच काढून टाकली आहे. निवेदकही त्या माणसाच्याच भाषेत बोलतो. मला वाटतं, खरी खटकलेली गोष्ट ही होती. पात्रं बोली बोलली तर चालतात, कारण वर प्रमाण भाषेतला निवेदक बसलेला असतो. त्याने आसन सोडलं की वाचक अस्वस्थ होतो.

आपल्याकडेही पाहा. 'धग'मध्ये संवाद वऱ्हाडी आहेत, निवेदन बरंचसं प्रमाण मराठीत आहे. म्हणजे शेळक्यांनी पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी पायरी घालून ठेवली आहे. तरीही ती चढवत नसेल, तर अडचण शब्दांची नाही. 'मले', 'तुले', 'काहून' या शब्दांत न कळण्यासारखं काय आहे? 'धग'ची नायिका कौतिक नवऱ्याशी, पोरांशी, परिस्थितीशी ज्या भाषेत झुंजते ती काढून तिला 'मला' आणि 'का' म्हणायला लावलं, तर कौतिक उरेल का? मला तिचा एकेक शब्द त्या घरातल्या भांड्यासारखा वाटतो, चेपलेला आणि रोजच्या वापरातला.

मी हे इतकं जीव तोडून सांगते याला कारण आहे. माझी आजी वऱ्हाडातली. चौथीत असताना पुण्यातल्या वर्गात मी एकदा "मले नाई पाह्यजे" म्हणून गेले. वर्ग हसला, बाईही हसल्या. त्या दिवसानंतर मी ते शब्द घराबाहेर काढले नाहीत, आणि पुढे घरातही नाही. आजी गेली तेव्हा मी तिच्याशी शुद्ध मराठीत बोलत होते. मागच्या वर्षी ही गोष्ट मी शेजारणीला सांगितली. ती साठी ओलांडलेली. ती म्हणाली, तिच्या शाळेत 'आय' म्हणजे 'हो' म्हटलं की चामड्याचा पट्टा हातावर बसायचा.

जून २०२५मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्सलाही, म्हणजे ग्लासगोची बोली जिच्यात मोडते त्या भाषेलाही, अधिकृत दर्जा दिला. २०२२च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं नोंदवलं होतं. शेजारणीला बातमी सांगताना मला ३ ऑक्टोबर २०२४ आठवला. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मीही इथे चार घरी पेढे वाटले होते. पण दोन्हींतला फरक जाणवतो. इथे दर्जा मिळाला तो लोक आज जे बोलतात त्याला, कालपर्यंत ज्याला चुकीचं इंग्रजी म्हणत होते त्याला. आपल्याकडे तो प्राचीनतेच्या पुराव्यावर मिळाला. त्या पुराव्यात 'लीळाचरित्रा'चं नाव आपण हक्काने घेतो, आणि तेराव्या शतकातला तो ग्रंथ म्हाइंभटांनी सिद्ध केला तो रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात. ज्या मातीतलं गद्य दाखवून आपण मराठीचं वय सिद्ध केलं, त्याच मातीतली विसाव्या शतकातली कादंबरी आपल्या वाचनगटांना तीस पानांत नकोशी होते. हे मला सोसत नाही.

बोलीत लिहिलेलं सगळंच चांगलं असतं असं मात्र नाही. काही कादंबऱ्यांत बोली नुसती वरून भुरभुरलेली असते, माणसं शहरी विचार करतात आणि शब्द तेवढे गावचे. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्येही शिकून शेतीत अडकलेल्या एकनाथचं चिंतन काही ठिकाणी लांबतं. घरातली माणसं तोंड उघडतात तेव्हा ती कादंबरी पुन्हा धावू लागते. देविदास सौदागर यांची 'उसवण' मी एका रविवारी संपवली. तयार कपड्यांनी पोटावर पाय आणलेल्या शिंप्याची गोष्ट, आणि लेखक स्वतः तुळजापूरचे शिवणकाम करणारे. मला ती थोडी आणखी लांब हवी होती. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' मात्र हळूच वाचावी लागते. धरणाने उठवलेलं गाव, मागे राहून रानटी झालेली म्हैस आणि तिच्या मागावर गेलेला माणूस. तिथे मीही अडले. कोल्हापूरकडची बोली माझ्या कानाला नवी होती.

अडल्यावर मी जे 'शगी बेन'साठी केलं तेच केलं, मोठ्याने वाचलं. डोळ्यांना जे जड जातं ते कानाला पुष्कळदा सोपं असतं, कारण बोली ऐकायची गोष्ट आहे. संध्याकाळी स्वयंपाकघरात 'धग'चं एक पान मी असंच वाचत होते. आठ वर्षांचा माझा मुलगा, जो शाळेतून रोज अस्सल ग्लासगोचा होऊन येतो, म्हणाला, "आई, तू आत्ता वेगळं बोललीस." मी म्हटलं, "ही माझ्या आजीची भाषा." त्याने 'काहून' म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि झोपेपर्यंत प्रत्येक प्रश्नाला तोच शब्द लावला.

ताईच्या गटाने पुढच्या महिन्यात 'धग' पुन्हा घ्यायचं कबूल केलं आहे. पहिली दहा पानं मी इथून व्हिडिओवर वाचून दाखवणार आहे. जिभेवरची वऱ्हाडी गंजली आहे, म्हणून रोज अर्धा तास सराव चालू आहे.